खटका वाजतो, पण गॅस पेटत नाही!

सकाळी साडेसहाची वेळ. ओट्यावर दुधाचं पातेलं, परातीत भिजवलेली कणीक, आणि तुम्ही शेगडीचं बटण दाबून फिरवताय. कट्-कट्-कट् आवाज होतो, गॅसचा वासही येतो, पण ज्योत काही दिसत नाही. पुन्हा फिरवता, पुन्हा तेच.

अशा वेळी घरोघरी दोन गोष्टी होतात. एक तर आपण हट्टाने बटण फिरवत राहतो, नाही तर ‘जळलं मेलं ते ऑटोमॅटिक’ म्हणून कायमचा लायटर हाताशी घेतो. पहिली गोष्ट धोक्याची आणि दुसरी तोट्याची, कारण त्या सोयीसाठी आपण शेगडी घेताना जास्तीचे पैसे मोजलेले असतात. मग कधीतरी मेकॅनिक येतो, काहीतरी पुसतो, काहीतरी बदलतो आणि बिल देऊन जातो. त्याने नेमकं काय केलं, हे आपल्याला कळत नाही आणि आपण विचारतही नाही.

मैत्रिणींनो, खरं सांगायचं तर यातले निम्म्याहून अधिक बिघाड शिवणाच्या मशीनमध्ये दोरा अडकण्याइतके साधे असतात. कुठे काय पाहायचं एवढं ठाऊक हवं.

आधी नियम, मग दुरुस्ती

बटण उघडल्यावर चार-पाच सेकंदांत गॅस पेटला नाही, तर बटण लगेच बंद करा. खिडकी उघडा, मिनिटभर थांबा आणि मगच पुन्हा प्रयत्न करा. न पेटलेला गॅस बर्नरभोवती साठत राहतो. उशिरा ठिणगी पडली की तो एकदम भडकतो आणि चेहऱ्यावर, पदरावर, ओढणीवर येतो.

सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही, जमिनीलगत आणि ओट्याखालच्या कपाटात साचतो. पाइपने येणारा गॅस मात्र हलका, तो छताकडे जातो. दोन्हींना स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यांत मुद्दाम उग्र वासाचं द्रव्य मिसळलेलं असतं. तेव्हा बटण बंद असूनही वास येत असेल, तर हा खटक्याचा बिघाड नव्हे, गळती आहे. विजेचं कुठलंही बटण चालू करू नका, आणि चालू असलेलं बंदही करू नका. लायटर, काडी, देवघरातली निरांजन, सगळं दूर. रेग्युलेटर किंवा पाइपचा कॉक बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सर्वांना बाहेर काढा आणि घराबाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा. सिलिंडरच्या गॅसगळतीसाठी देशभर हाच क्रमांक आहे. पाइपचा गॅस असेल तर बिलावर कंपनीचा तातडीचा क्रमांक छापलेला असतो, तो स्वयंपाकघराबाहेर भिंतीवर लिहून ठेवा.

ठिणगी येते कुठून?

बर्नरच्या शेजारी नीट पाहा. पांढऱ्या चिनी मातीची एक बारीक नळी दिसेल आणि तिच्या टोकाला धातूचा शेंडा. मेकॅनिक हिला इलेक्ट्रोड म्हणतात, आपण ठिणगीची कांडी म्हणू या. तिच्यातून हजारो व्होल्टचा, पण अगदी क्षीण असा प्रवाह येतो आणि शेंड्यावरून बर्नरवर उडी मारतो. ती उडी म्हणजेच ठिणगी.

हा प्रवाह तयार करण्याच्या तऱ्हा तीन. काही शेगड्यांत बटण फिरवलं की एकदाच जोरात ‘खट्’ होतं. त्यात सेल नाही, वीज नाही. आत एक छोटी हातोडी एका विशिष्ट खड्यावर आपटते आणि त्या दाबाने वीज निर्माण होते. आपल्या हातातल्या लायटरचंही तंत्र हेच. पिअर आणि जाक क्यूरी या भावांनी १८८० साली हा गुणधर्म शोधून काढला. त्यांतले पिअर पुढे मादाम मेरी क्यूरींचे यजमान झाले, आणि याच तत्त्वावर चालणारं उपकरण मेरीबाईंनी आपल्या संशोधनात वापरलं! दुसरी तऱ्हा सेलवर चालणारी आणि तिसरी घरातल्या विजेवर. या दोन्हींत बटण दाबून धरेपर्यंत कट्-कट् चालू राहते.

अंधारातली परीक्षा

बिघाड कुठे आहे हे पाहायची एक सोपी युक्ती. चालू असलेला एक बर्नर लायटरने पेटवा आणि रेग्युलेटर बंद करा. नळीत उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझेल. मग बटण बंद करा, थोडा वेळ खिडकी उघडी ठेवा. आता खोलीत अंधार करा आणि गॅस बंद असतानाच एकेक बटण दाबून ठिणगी पाहा.

ठिणगी निळसर-पांढरी, टणक आवाजाची असेल तर ती निरोगी. पिवळसर, मरगळलेली असेल तर सेल संपत आलाय. शेंड्याऐवजी चिनी मातीच्या नळीच्या मधूनच कुठूनतरी ठिणगी उडताना दिसली, तर नळीला ओल लागली आहे किंवा ती तडकली आहे. ओल वाळते, तडा मात्र सांधत नाही. ती कांडी बदलावीच लागते.

लक्षण पाहा, कारण ओळखा

*कुठल्याच बर्नरला आवाज नाही, ठिणगी नाही.* सेलची शेगडी असेल तर पहिला संशय सेलवर. शेगडीच्या खालच्या किंवा बाजूच्या अंगाला एक छोटी डबी असते. तिच्यात साधारणपणे दीड व्होल्टचा सेल असतो. नवा घाला, पण अधिक-उणे खुणा पाहून. आमच्या शेजारच्या वहिनींनी नवा सेल उलटा बसवला आणि ‘सगळं मशीनच गेलं’ असं निदान ऐकून घेतलं. सेल सरळ करताच शेगडी पेटली! डबीतल्या पट्ट्यांवर पांढरी-हिरवट भुकटी धरली असेल तर सेल काढून कोरड्या जुन्या ब्रशने ती झाडा, बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवा आणि हात धुवा. विजेवरची शेगडी असेल तर प्लग सैल झालाय का, ते पाहा. वीज गेलेली असताना ती पेटणार नाही. तेव्हा आधी काडी पेटवून बर्नरजवळ धरावी आणि मग बटण उघडावं. हा क्रम उलटा करू नये.

*बाकीचे बर्नर पेटतात, एकच रुसलाय.* सेलवर किंवा विजेवर चालणाऱ्या बहुतेक शेगड्यांत एकच यंत्र सगळ्या कांड्यांना वीज पुरवतं. कुठलंही बटण दाबलं तरी सगळीकडे ठिणगी उडते. म्हणून एकीकडेच ठिणगी नसेल तर दोष त्या कांडीत किंवा तिच्या तारेत. उलट, दुसरं बटण दाबल्यावर त्या बर्नरला ठिणगी येते, पण त्याच्या स्वतःच्या बटणाने येत नाही, असं असेल तर त्या बटणामागचा खटका बिघडलाय. एवढं सांगितलंत तरी मेकॅनिक दचकून तुमच्याकडे बघेल!

*ठिणगी छान पडते, पण गॅस धरत नाही.* बर्नरची टोपी उचला आणि पुन्हा खाचेत नीट बसवा. घासून ठेवताना ती जराशी तिरकी बसते आणि गॅस भलतीकडून बाहेर पडतो. या तक्रारीचं हे अगदी नेहमीचं कारण. मग कांडीसमोरची बर्नरची भोकं पाहा. उतू गेलेलं दूध, डाळीचा फेस, साखरेचा पाक त्यांत जळून बसतो. टाचणीने भोकं मोकळी करा. शेंडा आणि बर्नर यांत साधारण तीन-चार मिलिमीटर, म्हणजे दोन रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवली तर होईल एवढं अंतर असावं. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीत हवा असते. पहिल्यांदा पेटायला थोडा वेळ लागतो. खिडकीचा वारा आणि पंखाही विसरू नका.

*कट्-कट् थांबतच नाही.* बटण सोडलं तरी आवाज चालू, म्हणजे बटणाखाली पाणी गेलंय किंवा ते चिकटलंय. सेल किंवा प्लग काढा, गॅस बंद करा, बटण सरळ वर ओढून निघत असेल तर काढून पुसा आणि रात्रभर वाळू द्या. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या साफसफाईनंतर ही तक्रार हमखास येते.

*पेटतो, पण हात काढला की विझतो.* हा ठिणगीचा दोष नव्हेच. नव्या शेगड्यांत बर्नरजवळ दुसरीही एक कांडी असते, चिनी मातीची नव्हे, नुसत्या धातूची. ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद करणं हे तिचं काम. ती तापेपर्यंत बटण काही सेकंद दाबूनच धरावं लागतं. तरीही विझत असेल तर तिच्यावरची काजळी पुसा. उपयोग झाला नाही तर मेकॅनिक बोलवा, पण ‘ती कांडी काढून टाका, कटकट गेली’ असा सल्ला मुळीच ऐकू नका. ती तुमच्या घराची राखण करते.

सफाई अशी करा

शेगडी पूर्ण गार होऊ द्या. रेग्युलेटर बंद, सेल किंवा प्लग काढलेला. दात घासायच्या जुन्या, मऊ, कोरड्या ब्रशने कांडीचा शेंडा हलकेच घासा. मेण जमलं असेल तर फडकं साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि त्याने पुसा, मग लगेच कोरड्या फडक्याने. बर्नर धुतला असेल तर झटकून, पुसून, उन्हात वाळवून मगच बसवा. घाई असेल तर केस वाळवायचं यंत्र मंद ठेवून फिरवा.

हे मात्र नको

शेगडीवर तांब्याने पाणी ओतू नका. साफसफाईचं औषध थेट कांडीवर फवारू नका. ते फडक्यावर घ्या. पकडीने कांडी वाकवू नका, चिनी माती चटकन तडकते. बटण जड झालं म्हणून त्यात खोबरेल किंवा मशीनचं तेल सोडू नका. आतल्या कॉकला वेगळं ग्रीस लागतं आणि ते काम जाणकाराचंच. बर्नरखालच्या जेटच्या बारीक भोकात टाचणी घालू नका. ते मोठं झालं की गॅस जास्त सुटतो आणि भांडी काळी होतात.

कांडी तडकलेली, तार जळालेली, खटका निकामी, किंवा कॉक जड झालेला असेल तर मेकॅनिकला बोलवा. तो आला की जवळ उभ्या राहा. बदललेला जुना भाग मागून घ्या, पावती घ्या, आणि जाण्यापूर्वी सगळे बर्नर त्याच्यासमोर पेटवून पाहा. सिलिंडरच्या नळीवरची तारीखही याच निमित्ताने बघा. पाच वर्षं झाली असतील तर ती बदलायला हवी.

दर आठवड्याला टोप्या उचलून पुसणं, एक जादा सेल डब्यात ठेवणं आणि महिनाभर गावाला जाताना सेल काढून जाणं, एवढी शिस्त पुरते. आणि हो, घरातल्या मोठ्या मुला-मुलींना दोघांनाही हे शिकवा. पेटवायला यायला हवं, तसं बंद करायलाही यायला हवं.