कुंपण कुठे घालायचं?

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल शहाड सोडते आणि आंबिवली येतं. त्याला लागूनच मोहने. हा परिसर वर्षानुवर्षं बातम्यांत येत राहिला तो मुख्यतः दोन नावांनी: बंद पडलेली एनआरसी कंपनी आणि आंबिवलीची इराणी वस्ती. माणूस गुन्हा का करतो यावर दीडशे वर्षांत जगभर जे वाद झाले, त्यांतले बहुतेक या दोन नावांच्या आधाराने समजून घेता येतात, याचं मला फार नवल वाटतं.

आधी कंपनीचं बघू. पोटाला चिमटा बसला की माणूस वाईट मार्गाला लागतो, ही आपली सर्वांची ठाम समजूत. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी 1938 साली तिला सिद्धांताचं रूप दिलं. समाज स्वप्नं सगळ्यांना सारखीच दाखवतो, पण तिथवर जायचे सरळ रस्ते मात्र मोजक्यांनाच देतो, आणि त्या ताणातून काहीजण आडवाट धरतात. हे पटलं की सरकारचा पैसा शाळा, प्रशिक्षण आणि रोजगाराकडे वळतो. एनआरसीला नोव्हेंबर 2009 मध्ये टाळं लागलं आणि हजारो कामगारांची देणी अडकली. ताण म्हणावा तर याहून मोठा कुठला? तरी ही माणसं मोर्चे काढत राहिली, कोर्टाचे खेटे घालत राहिली. मर्टन यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण ताण हजारोंना असतो आणि आडवाट फार थोडे धरतात, एवढं मोहन्याकडे बघून नक्की सांगता येतं.

मग त्या थोड्यांत वेगळं काय असतं? ब्रिटिशांचं उत्तर होतं, रक्त. या देशात सुताराचा मुलगा सुतार आणि विणकराचा मुलगा विणकर होतो, तेव्हा चोराच्या पोटी चोरच जन्मणार, असा युक्तिवाद झाला आणि 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. ‘जन्मजात गुन्हेगार’ ही कल्पना युरोपात गाजवणाऱ्या चेझारे लोंब्रोसो या इटालियन डॉक्टरचं पुस्तक निघालं 1876 साली. म्हणजे कायदा आधी झाला आणि त्याला शोभणारं ‘शास्त्र’ पाच वर्षांनी आलं! 1911 च्या नव्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई प्रांतालाही लागू झाली. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींची कुटुंबं तिथे ठेवली गेली. दिवसा गिरणीत काम करायचं, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर पास हवा. काहीच न केलेल्या माणसालाही हे चुकत नव्हतं, कारण त्याचा गुन्हा म्हणजे त्याचा जन्मच होता. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा देशभरातून रद्द झाला. सोलापूरकर मात्र आजही त्या भागाला ‘सेटलमेंट’च म्हणतात.

1979 साली लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोन अमेरिकन संशोधकांनी प्रश्नच बदलून टाकला. हा माणूस चोर का झाला, हे त्यांनी बाजूला ठेवलं आणि चोरी नेमकी इथे, याच वेळी का झाली, हे विचारलं. साठच्या दशकात अमेरिकेत सुबत्ता वाढली, तरी घरफोड्या कमी न होता वाढतच गेल्या. त्यांनी चक्क दुकानाचा कॅटलॉग उघडून टीव्हीची वजनं पाहिली. 1960 मध्ये सगळ्यांत हलका टीव्ही 38 पौंडांचा होता, 1970 मध्ये 15 पौंडांचा. शिवाय बायका नोकरीला लागल्याने दिवसा घरं रिकामी राहू लागली होती. काखोटीला मारून नेता येईल असा किमती माल, चोरायला तयार माणूस आणि राखणदार नाही, हे तीन एका वेळी एका जागी आले की गुन्हा घडतो. यातलं एक जरी काढलं तरी तो टळतो.

आता मंगळसूत्र घ्या. काही ग्रॅम वजन, लाखाच्या घरात किंमत, उघड्यावर घातलेलं, वेळ पहाटे फिरायला जाण्याची, रस्ता सामसूम, आणि मागून दुचाकी. तिथे दिवा लावणं, गस्तीची वेळ बदलणं, सराफाकडच्या खरेदीवर नजर ठेवणं हे सगळे उपाय या एका विचारातून निघतात. पश्चिम जर्मनीत तर 1980 साली हेल्मेटसक्तीसाठी जागेवर दंड सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत मोटारसायकलींच्या चोऱ्या जवळपास दोन-तृतीयांशांनी घटल्या. जाता जाता गाडी पळवणाऱ्याकडे हेल्मेट कुठून असणार? तो लगेच नजरेत भरायचा. आपल्याकडे तेच हेल्मेट साखळीचोराचा चेहरा झाकतं. म्हणून दुसरीकडे लागू पडलेला उपाय जसाच्या तसा उचलून आणता येत नाही. आधी आपला रस्ता पाहावा लागतो.

आंबिवलीच्या वस्तीकडे बघताना मला सोलापूरचं कुंपण आठवतं. साखळीचोरीच्या तपासात तिथे दूरदूरच्या राज्यांची पोलीस पथकं येतात, पथकांवर दगडफेकही झाली आहे, आणि जिच्या गळ्याला ओरखडा उठतो त्या बाईचा धसका खरा आहे. ठाणे पोलिसांनी अशा टोळ्यांवर मोक्का लावला. भारतीय न्याय संहितेत कलम 304 खाली हिसकावून चोरी हा स्वतंत्र गुन्हा झाला, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. हे कायदे कृत्याला धरून आहेत, आणि ते तसेच राहायला हवेत. पण ‘इराणी वस्ती’ एवढा पत्ता ऐकून नोकरी नाकारली जाते तेव्हा काय होतं? हॉवर्ड बेकर यांनी 1963 साली मांडलं होतं की शिक्का बसला की बाकीचे दरवाजे बंद होतात आणि माणूस त्या शिक्क्यासारखा वागू लागतो. वस्तीत शाळेची वाट धरलेली पोरंही आहेत, त्यांची बातमी होत नाही.

शिक्का मारण्याच्या अगदी उलट, विश्वासावर उभा राहिलेला प्रयोगही आपल्याच मातीतला. 1939 मध्ये औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या आग्रहावरून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. तिथे कैद्यांना भिंत नव्हती, शेती होती. त्याच मुलखातल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावर कथा लिहिली आणि 1957 मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. स्वतंत्रपूरची खुली वसाहत महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आजही आहे, कैदी तिथे कुटुंबासह राहू शकतात.

आणि तुरुंगांच्या भिंतीआड 1871 चं भूत अजून शिल्लक होतं. अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत कामाची वाटणी जातीवर होत होती आणि विमुक्त जमातींना, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या जमातींना, सराईत गुन्हेगार मानणारे नियम तसेच होते. पत्रकार सुकन्या शांता यांनी याविरुद्ध याचिका केली. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ते नियम घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितला आणि राज्यांना नियमावल्या दुरुस्त करण्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली.