पायथनमधील लूपच्या पोटातला लूप

पायथनमध्ये दोन लिस्टमधील, म्हणजे क्रमवार याद्यांमधील, सामाईक नोंदी शोधण्यासाठी लूपच्या पोटात दुसरा लूप लिहिला, तर प्रत्येकी 10,000 नोंदी असताना तुलनांची संख्या 10 कोटींपर्यंत जाते; आतल्या लूपऐवजी नोंद यादीत आहे का हे तपासणारा 'इन' वापरल्याने वेळ काहीसा वाचतो खरा, पण लिस्टमधला शोध पहिल्या नोंदीपासून क्रमानेच होत असल्याने मूळ दुखणे कायम राहते. खरा फरक पडतो तो दुसऱ्या लिस्टचा सेट, म्हणजे क्रम नसलेला संग्रह, केल्यावर. सेट प्रत्येक नोंदीवरून 'हॅश' नावाचा पूर्णांक काढून तिची जागा ठरवतो, त्यामुळे शोधाचा सरासरी वेळ नोंदींच्या संख्येवर अवलंबून राहत नाही आणि 10 कोटींचे काम सुमारे 20,000 पावलांत आटोपते; मात्र हा सेट लूपच्या आधी एकदाच करावा लागतो, कारण आत केल्यास तो दर फेरीला नव्याने बांधला जाऊन सारी बचत पाण्यात जाते. नोंदी स्वतःच लिस्ट असतील, तर त्यांचा हॅश निघत नसल्याने त्या आधी टपलमध्ये, म्हणजे न बदलणाऱ्या यादीत, रूपांतरित कराव्या लागतात. दोन लूपऐवजी 'इटरटूल्स' या मोड्यूलमधील 'प्रॉडक्ट' वापरल्यास मांडणी सुबक दिसते, पण जोड्या तेवढ्याच राहतात. एकाच लिस्टमधील जोड्या हव्या असल्यास त्याच मोड्यूलमधील 'कॉम्बिनेशन्स' प्रत्येक जोडी एकदाच देते, म्हणजे 10,000 नोंदींसाठी 4,99,95,000.