मूल पाहुणे, विद्यार्थी की सभासद?



कसाऱ्याला लोकल संपते आणि घाट सुरू होतो. इगतपुरीकडे जाणाऱ्या गाडीला इथे मागून बँकर इंजिने लागतात, कारण पुढे 37 फुटांना 1 फूट असा चढ आहे. हे आपण रोज पाहतो. आजच्या विषयाशी त्याचा संबंध काय, ते शेवटी सांगू.

आजचा प्रश्न साधा आहे. आपल्या मंडळीत मूल कोण असते? पाहुणे, विद्यार्थी की सभासद? तोंडाने आपण सभासद म्हणतो. पण वागवतो मात्र विद्यार्थी म्हणून, आणि रडायला लागले की पाहुणे म्हणून!

हे असे का झाले, ते पाहू. 1780 साली इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावी रॉबर्ट रेक्स यांनी रविवारची शाळा चालू केली. तिथली गरीब मुले आठवड्याचे सहा दिवस कामाला जात, म्हणून वाचन शिकायला रविवारच उरे. आपल्याकडे 1813 मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत आले आणि त्यांनी लवकरच शाळा काढल्या. त्यामुळे मराठी ख्रिस्ती समाजात मंडळी आणि शाळा बरोबरीने वाढल्या. या शाळांनी अक्षरओळख दिली, मुलींनाही दिली. हे ऋण मोठे आहे.

पण शाळेबरोबर शाळेची सवयही आली. उपासना मोठ्यांची आणि मुलांसाठी बाजूला वर्ग. वचन पाठ करा, बक्षीस घ्या. मग मुलाच्या मनात काय बसते? शाळा एक दिवस संपते, तशी मंडळीही संपते. पंधरा-सोळाव्या वर्षी मुले दिसेनाशी होतात, तेव्हा आपण मोबाइलला दोष देतो. खरे तर ती ‘पास’ होऊन गेलेली असतात.

अमेरिकेतले पाळक होरेस बुशनेल यांनी 1847 मध्ये ख्रिस्ती संगोपनावर पुस्तक लिहिले. मोठेपणी नाट्यमय परिवर्तन होईपर्यंत मूल बाहेरचेच, ही त्या काळची समजूत त्यांना मान्य नव्हती. घराच्या आणि मंडळीच्या श्वासातच मुलाचा विश्वास वाढावा, असे त्यांचे म्हणणे होते. ॲरिस्टॉटलने हेच वेगळ्या अंगाने सांगितले आहे : वीणा वाजवूनच माणूस वीणावादक होतो आणि न्याय्य कृती करूनच न्यायी होतो. आपल्याकडे भाताची लावणी कोण वर्गात शिकतो? पोर आईमागे चिखलात उतरते, रोपे हातात देते, आणि एका पावसाळ्यात स्वतः वाकून लावू लागते.

आता आक्षेप. हे मुलावर विश्वास लादणे नव्हे का? प्रश्न गंभीर आहे. आपण मुलाला मातृभाषा निवडायला लावत नाही, बोलायला शिकवतो. पुढे त्याच भाषेत ते आपल्याशी भांडूही शकते. विश्वासाचेही तसेच. आपलेपणा आधी द्यावा, निवड त्याच्याकडे राहू द्यावी. 1970 मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा बालकांचा बाप्तिस्मा आणि जाणत्यांचा बाप्तिस्मा या दोन्ही पद्धती मान्य झाल्या. दोन्ही वाटांवर कबुली ज्याची त्याने द्यायची, आणि तोवर मुलाला मंडळीत जागा आहेच.

मात्र जागा द्यायची तर प्रश्नालाही द्यावी लागते. आम्ही आठ वर्षांचे असताना आमचा धाकटा भाऊ तापाने गेला. देवाने ऐकले का नाही, असे आम्ही विचारले. “गप्प बस, असे विचारू नये,” असे उत्तर मिळाले. तोच प्रश्न पुढे तत्त्वज्ञानाच्या वर्गात भेटला, आणि तो विचारणारे आम्ही पहिले नव्हतो हे कळायला तेवढी वर्षे गेली. “मलाही ठाऊक नाही, पण ये, बस,” एवढे कोणी म्हटले असते तरी पुरे होते.

मग करायचे काय? कसाऱ्यासारख्या ठिकाणी घरे थोडी, वेगळी खोली नाही. ही उणीव समजू नका. सगळे एकत्र बसा. शास्त्रपाठ एखाद्या रविवारी मुलाला वाचू द्या, अडखळले तर थांबा. झांजा त्याच्या हाती द्या. रेव्हरंड टिळकांची भजने आपल्याकडे आहेत, ती ऐकता ऐकताच पाठ होतात. प्रार्थनेत मुलांची नावे घ्या, आजारी म्हातारीला भेटायला जाताना एखाद्याला सोबत न्या. नाताळच्या नाटकापुरते त्यांना उभे करणे म्हणजे सामावून घेणे नव्हे.

दोन पथ्ये मात्र पाळा. मुलांसोबत कोणी मोठा माणूस एकटा नसावा, नेहमी दोघे असावेत. आणि दुसऱ्याच्या घरचे मूल आले तर आईबापांना विचारल्याशिवाय बसवू नये.

शिष्य मुलांना हटकत होते, तेव्हा येशू शिष्यांवर रागावला. त्याने मुलांना आधी धडा दिला नाही, कवेत घेतले. क्रम लक्षात घ्या.

आता बँकरविषयी. तो गाडीच्या मागे असतो, चढावर जोर लावतो आणि इगतपुरीला सुटतो. पुढे गाडी आपली आपण जाते. आपल्याला तेवढेच करायचे आहे, पण चढ संपायच्या आत.