सहा मीटरची सुतळी : शाळेतल्या आरोग्याचं प्रशिक्षण

आम्ही नर्सिंग महाविद्यालयात सामुदायिक आरोग्य परिचर्या शिकवतो. म्हणजे आमच्या विद्यार्थिनी वॉर्डातून बाहेर पडून गावात, अंगणवाडीत, शाळेत जातात, तेव्हा त्यांच्यासोबत आम्ही असतो. गेली काही वर्षं त्यात आणखी एक काम जोडलं गेलं आहे, ते म्हणजे शिक्षकांना प्रशिक्षण देणं. आज त्याबद्दल बोलू.

आधी थोडी चौकट. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. दोन आयुष वैद्यकीय अधिकारी, एक फार्मासिस्ट आणि एक परिचारिका, असं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं. २०२० पासून आयुष्मान भारतमध्ये प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत नेमायचे ठरलं. आता हिशेब करा. पथक येतं एक दिवस. उरलेले दिवस मूल कोणासमोर बसलेलं असतं? शिक्षकांसमोर. म्हणून पथकाइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, शिक्षकांच्या तयारीला महत्त्व आहे.

ही कल्पना काही नवी नाही. १९०२ मध्ये न्यूयॉर्कला लिलियन वॉल्ड यांच्या पुढाकारातून लीना रॉजर्स ही परिचारिका शाळांमध्ये नेमली गेली. तोवर डॉक्टर यायचे, खरूज किंवा डोळे आलेलं मूल शोधायचे आणि घरी पाठवायचे. मूल घरी बसायचं, उपचार कोणी करायचे नाही. रॉजर्सबाईंनी मुलांवर शाळेतच उपचार केले, घरी जाऊन आयांना समजावलं, आणि वर्षभरात घरी पाठवल्या जाणाऱ्या मुलांची संख्या झपाट्यानं खाली आली. तपासणं एक आणि बरं करणं वेगळं, हा फरक तेव्हाच लक्षात आला होता. आम्हाला तो लक्षात यायला जरा वेळ लागला.

तर झालं असं. आमचं पहिलं प्रशिक्षण केंद्राच्या शिक्षण परिषदेत होतं. प्रोजेक्टर, चाळीस-बेचाळीस स्लाइड्स, दोन तास. शिक्षक मान डोलावत होते. काही मागच्या रांगेत वह्या तपासत होते, आणि त्यांना दोष कसा द्यायचा? अशैक्षणिक कामांच्या यादीत आणखी एक, एवढाच त्याचा अर्थ त्यांच्यासाठी होता. डोळे तपासायचा तक्ता सहा मीटरवर लावायचा, हे आम्ही स्लाइडवर ठळक अक्षरात लिहिलं होतं.

सहा महिन्यांनी एका शाळेत गेलो. तक्ता फळ्याच्या वर, खिडकीपासून दूर, अंधाऱ्या कोपऱ्यात. मुलं उभी राहायची ती जागा आम्ही पावलांनी मोजली, चार मीटर भरली. वर्गखोलीच तेवढी. पत्रकात सगळ्या मुलांसमोर ‘सामान्य’.

आता हे चार मीटर म्हणजे काय, ते बघा. तक्त्यावर नऊ मीटरची म्हणून जी ओळ असते, ती सहा मीटरवरून वाचता आली की नजर ६/९ धरतात. तीच ओळ चार मीटरवरून वाचणं हे सहा मीटरवरून साडेतेरा मीटरची ओळ वाचण्यासारखं आहे. म्हणजे ज्या मुलाची नजर ६/१२ आहे, तेही ती ओळ सहज वाचून जातं. ६/९ ची ओळ वाचता आली नाही तर पुढे पाठवा, असं आम्हीच शिकवलेलं. मग पुढे कोण जाणार?

सातवीतली एक मुलगी त्या दिवशी आम्ही व्हरांड्यात, नीट उजेडात, टेपनं मोजून पुन्हा तपासली. तिला ६/१८ च्या खालचं काही वाचता येईना. सर म्हणाले, ‘ही नेहमी शेजारणीच्या वहीतून उतरवते, आळशी आहे.’ मग स्वतःच गप्प झाले. आम्हीही गप्पच होतो, कारण चूक सरांची नव्हती. आम्ही त्यांना आकडा दिला होता, अंतर मोजायचं साधन दिलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही स्लाइड्स बाजूला ठेवल्या. आता प्रत्येक शाळेला सहा मीटरची सुतळी देतो, दोन्ही टोकांना गाठ. एक गाठ तक्त्याखाली, दुसरी मुलाच्या टाचेशी. नर्सिंगमध्ये एक जुनी रीत आहे, रिटर्न डेमॉन्स्ट्रेशन : आम्ही करून दाखवायचं, मग तुम्ही आम्हाला करून दाखवायचं. इंजेक्शन शिकवताना आम्ही ती कधीच सोडत नाही, पण शिक्षकांसमोर मात्र विसरलो होतो. आता शिक्षक एकमेकांचे डोळे तपासतात. तेव्हा कळतं की बोटांनी डोळा झाकला तर फटीतून दिसतं, आणि दाबून धरला तर नंतर त्याच डोळ्याला धूसर दिसतं. तळवा वापरायचा, हलका. रांगेतली मुलं अक्षरं पाठ करतात, म्हणून रांग दाराबाहेर. परिषदेत दोन-तीन शिक्षकांना स्वतःलाच चष्म्याची गरज निघते, आणि मग वह्या तपासणं आपोआप थांबतं!

लोहाच्या गोळ्यांचंही असंच. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी, दहा ते एकोणीसच्यांना निळी, आठवड्यातून एकदा. शौचाला काळं होतं, क्वचित मळमळतं. हे आधी सांगितलं नाही तर एका मुलीला उलटी झाली की संध्याकाळपर्यंत गावभर बातमी, आणि पुढच्या सोमवारी निम्मा वर्ग गोळी खिशात घालतो. म्हणून गोळी शालेय पोषण आहारानंतरच, उपाशीपोटी नाही, आणि बाईंच्या डोळ्यांदेखत. बाईंनी स्वतः सगळ्यांसमोर घेतली तर उत्तमच. डबा मात्र कुलपात. लहान मुलानं लोहाच्या पुष्कळ गोळ्या एकदम खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं.

सगळ्यात अवघड भाग चिठ्ठीनंतरचा. त्या मुलीला आम्ही ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी दिली. शाळकरी मुलांना अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून चष्मा फुकट मिळतो, तेही सांगितलं. महिन्यानं विचारलं तर चिठ्ठी दप्तरातच. डोळ्यांची तपासणी ठरावीक वारी, त्या दिवशी वडिलांची मजुरी बुडणार. हे आमच्या एकाही स्लाइडवर नव्हतं. तेव्हापासून पत्रकात आम्ही एक रकाना वाढवला आहे : ‘सोबत कोण जाणार?’ तो रिकामा असेल तर प्रशिक्षण घेतलेले शिक्षक, आशाताई आणि आमच्या विद्यार्थिनी मिळून दिवस ठरवतात, आणि तीन-चार मुलं एकाच खेपेला नेतात.

तिला पुढच्या खेपेत नेलं. चष्मा आला तेव्हा तिनं पहिल्यांदा फळ्याकडे नाही पाहिलं, खिडकीतून बाहेरच्या चिंचेकडे पाहिलं, आणि सरांना विचारलं, ‘सर, पानं अशी सुटी सुटी असतात?’