धूर येण्याआधी : बीबीसी मायक्रोचा वीजपुरवठा

चाळीस वर्षं माळ्यावर पडलेला बीबीसी मायक्रो संगणक कुणीतरी खाली काढतो, पुसतो आणि प्लग लावतो. आधी एक खर्जातला आणि लगेच एक वरचा सूर वाजतो, पडद्यावर संगणकाचं नाव उमटतं, त्याखाली ‘बेसिक’ ही अक्षरं येतात. सगळे खूश होतात. अर्धा-पाऊण तास यंत्र उत्तम चालतं. मग डाव्या बाजूच्या फटींतून दाट धूर येऊ लागतो, उग्र वास खोलीभर पसरतो आणि घरातले लोक मेन स्विचकडे धावतात. नवल असं की धूर येत असताना पडद्यावरचा कर्सर निवांत लुकलुकत असतो. संगणकाला काहीच झालेलं नसतं.

हे ब्रिटनमध्ये इतक्या वेळा घडलं आहे की जुने संगणक जपणाऱ्या लोकांनी आता क्रमच ठरवून टाकला आहे. आधी उघडायचं, कपॅसिटर बदलायचे, मगच वीज द्यायची. हा क्रम आपल्याकडेही माहीत असायला हवा, कारण हीच यंत्रं आपल्या शाळांमध्येही आली होती.

बीबीसी मायक्रो केंब्रिजच्या एकॉर्न कम्प्युटर्स या कंपनीने बनवला. सामान्य माणसाला संगणक शिकवण्याचा मोठा कार्यक्रम बीबीसीने हाती घेतला होता आणि त्यासाठी तिला स्वतःच्या नावाचं यंत्र हवं होतं. १९८१ च्या डिसेंबरात ते बाजारात आलं आणि १९८२ च्या जानेवारीत त्यावर आधारलेली दूरदर्शन मालिका सुरू झाली. मेंदू म्हणून ६५०२ हा प्रोसेसर, वेग दोन मेगाहर्ट्‌झ. ‘ए’ मॉडेलला १६ किलोबाइट स्मृती, ‘बी’ला ३२. आराखड्यात स्टीव्ह फर्बर यांचा मोठा वाटा होता, तर त्यावरची बेसिक भाषा सोफी विल्सन यांनी लिहिली. पुढे या यंत्राच्या सगळ्या आवृत्त्या मिळून १५ लाखांवर विकल्या गेल्या.

याच दोघांनी पुढे एआरएम प्रोसेसर घडवला. आज बहुतेक सगळ्या मोबाइलमध्ये त्याचेच वंशज आहेत. पहिली एआरएम चिप २६ एप्रिल १९८५ रोजी बीबीसी मायक्रोलाच जोडून चालवली गेली. चिप किती वीज खाते हे पाहायला फर्बर यांनी अँपिअरमीटर लावला, तर काटा शून्यावर. नंतर उलगडा झाला की चाचणीच्या बोर्डावर चिपला वीजपुरवठा पोचतच नव्हता. बाकीच्या पायांवर येणाऱ्या संकेतांतून जी थोडी वीज आत झिरपत होती, तेवढ्यावर ती चिप बिनचूक गणितं करत होती. ज्याला जोडून ही चिप चालली त्या मायक्रोची तहान मात्र फार मोठी होती.

भारतात १९८४ साली शिक्षण मंत्रालय आणि इलेक्ट्रॉनिक्स विभाग यांनी मिळून ‘क्लास’ हा शालेय संगणक-साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला. पहिल्या टप्प्यात देशभरातल्या सुमारे अडीचशे शाळा निवडल्या गेल्या आणि त्यांत जे संगणक पोचले ते बीबीसी मायक्रो होते. मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सरकारी कारखान्याने या यंत्राची भारतीय आवृत्तीही ‘युनिकॉर्न’ या नावाने काढली. १९८९ च्या फेब्रुवारीत त्या कारखान्याला मोठी आग लागली आणि भारतीय चिपनिर्मितीचं एक पर्वच थांबलं. आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या ज्यांनी शाळेत चपला बाहेर काढून संगणक-खोलीत पाऊल टाकलं, त्यांच्यातल्या काहींची पहिली ओळख या फिकट रंगाच्या, लाल-काळ्या बटणांच्या यंत्राशीच झाली.

आता मूळ मुद्द्याकडे. घरातली वीज २३० व्होल्टची, उलटसुलट वाहणारी. संगणकातल्या चिप्सना लागते पाच व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी आणि अगदी स्थिर. पाच टक्के वर-खाली, यापलीकडे नाही. ही दरी बुजवतो तो वीजपुरवठा, म्हणजे पॉवर सप्लाय. सुरुवातीच्या काही मायक्रोंमध्ये जुन्या पद्धतीचा, जड ट्रान्सफॉर्मरचा सप्लाय होता. त्यात जादा व्होल्टेज उष्णता म्हणून जाळून टाकलं जातं, म्हणून तो फार तापायचा. लवकरच एकॉर्नने त्याच्या जागी अ‍ॅस्टेक कंपनीचा स्विच-मोड सप्लाय बसवला. आपण ज्याला एसएमपीएस म्हणतो, तोच हा.

त्याचं काम मला आजही सुंदर वाटतं. आधी घरची वीज सरळ केली जाते. तिचा शिखरबिंदू २३० नव्हे तर सुमारे ३२५ व्होल्ट असतो आणि त्या व्होल्टेजला मोठे कपॅसिटर भरून राहतात. मग एक ट्रान्झिस्टर ही वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो. इतक्या जलद तुकड्यांना लहानसा फेराइटचा ट्रान्सफॉर्मर पुरतो, म्हणून वजन आणि उष्णता दोन्ही कमी. पलीकडे अधिक पाच व्होल्ट मिळतात पावणेचार अँपिअरपर्यंत, फ्लॉपी ड्राइव्हसाठी अधिक बारा, आणि सिरियल पोर्टसाठी थोडेसे उणे पाच. मुख्य बोर्डाकडे सात वायर जातात: तीन लाल, तीन काळ्या, एक जांभळी. लाल-काळ्या तीन-तीन अशासाठी की एवढा करंट एकाच वायरीवर आणि एकाच टोकावर पडू नये.

पण तोडजोडीचा गोंगाट उलट्या दिशेने घरच्या वायरिंगमध्येही शिरतो. शेजारचा रेडिओ खरखरतो, टीव्हीवर रेघा येतात. तो अडवायला प्लगकडून येणाऱ्या दोन वायरींच्या मध्ये एक्स वर्गाचे कपॅसिटर बसवतात. मायक्रोच्या अ‍ॅस्टेक सप्लायमध्ये असे दोन असतात, एक ०.१ मायक्रोफॅरडचा आणि एक ०.०१ चा. धूर यांचाच.

हे भाग बहुधा रिफा या स्वीडिश कंपनीचे. दिसायला पिवळसर, अर्धपारदर्शक, आतली गुंडाळी दिसते. त्यांना सर्रास शिव्या दिल्या जातात, त्या मला पटत नाहीत. त्या काळी हा उत्तम दर्जाचा भाग होता. धातूचा सूक्ष्म थर दिलेला कागद गुंडाळायचा, इपॉक्सी राळेत भिजवायचा आणि राळेच्याच डबीत बंद करायचा. विजेचा झटका येऊन कागदाला कुठे छिद्र पडलंच, तर त्याभोवतालचा धातू वाफ होऊन उडून जातो आणि जखम आपोआप भरते. सुरक्षेसाठीच ही रचना निवडलेली होती. फक्त ती चाळीस वर्षांसाठी नव्हती. कालांतराने राळेच्या डबीला केसाएवढ्या चिरा जातात, त्यांतून दमट हवा आत शिरते आणि कागद ती पिऊन घेतो. ओल्या कागदातून वीज गळू लागते, तो तापतो, वाफ कोंडते, डबी फुटते. भाग पंचवीस-तीस वर्षांचा झाला की चिरा नुसत्या डोळ्यांना दिसतात, आणि दिसल्या नाहीत तरी तो बदलायचाच.

इथे आपल्या हवेचा विचार करायला हवा. इंग्लंडच्या थंड पोटमाळ्यावर जे चाळीस वर्षांत झालं, ते मुंबईच्या किंवा कोकणातल्या चार पावसाळी महिन्यांत किती वेगाने होत असेल! त्यात आपलं व्होल्टेज. रात्री मागणी उतरली की अनेक ठिकाणी ते २५० च्या पुढे चढतं, आणि या जुन्या कपॅसिटरवर छापलेली मर्यादा २५० असते. तिसरी गोष्ट प्लगची. ब्रिटिश प्लगच्या पोटातच फ्यूज असतो, आपल्या गोल पिनांच्या प्लगमध्ये नसतो. आतला कपॅसिटर जळू लागला तरी वितळायला जवळपास काही असेलच असं नाही.

कर्सर लुकलुकत राहतो त्याचंही कारण यातच आहे. हा कपॅसिटर फक्त गोंगाट अडवतो. संगणकाकडे जाणारी वीज त्याच्यातून जात नाही. तो जळून तुटला तरी यंत्र चालतच राहतं. म्हणून ‘माझा तर व्यवस्थित सुरू आहे’ हे वाक्य कुणी म्हटलं तर त्यावर विश्वास ठेवू नये.

दुरुस्तीचं पहिलं पाऊल स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याच्या आधीचं आहे. प्लग काढायचा आणि थांबायचं. वीज गेली तरी मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो. तो माणूस मारू शकतो. काही किलोओहमचा, चांगल्या वॅटचा रेझिस्टर लावून तो साठा हळूहळू उतरवायचा आणि मल्टिमीटरने खात्री करायची. स्क्रूड्रायव्हरने टोकं जोडून ठिणगी पाडणं ही दुरुस्ती नव्हे. ज्याने आधी कधी मेनच्या विजेवर काम केलेलं नाही, त्याने हे जाणकाराकडूनच करून घ्यावं, असं मी आग्रहाने सांगेन.

रिफाच्या जागी त्याच मूल्याचे, पण पॉलिप्रॉपिलीन फिल्मचे, २७५ किंवा ३१० व्होल्टचे एक्स-२ वर्गाचे कपॅसिटर बसवायचे. अंगावर ‘एक्स-२’ हा शिक्का आणि सुरक्षा-मान्यतेच्या खुणा असल्याच पाहिजेत. तेवढ्याच मूल्याचा साधा कपॅसिटर इथे चालत नाही. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे भाग मिळतात, आणि मूळ यंत्राच्या मोलापुढे त्यांची किंमत नगण्य आहे. पायांमधलं अंतर मात्र मोजून न्यावं.

दुसरा आजार शांत आहे, त्याला धूर नाही. सप्लाय सुरूच होत नाही, किंवा आतून बारीक टिकटिक करत राहतो. कधी वीज येते पण तो खर्जातला पहिला सूर थांबतच नाही, कारण प्रोसेसर भानावर आलेला नसतो. अशा वेळी संशय इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर, ज्याला दुकानातले लोक कंडेन्सर म्हणतात. त्याच्या आत ओला रस असतो आणि तो वर्षानुवर्षं सुकत जातो. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं, हा ढोबळ नियम. अ‍ॅस्टेकच्या सप्लायमध्ये २२० मायक्रोफॅरडचा एक छोटा कपॅसिटर सुरुवातीचा धक्का देणाऱ्या भागात आहे, आणि तो नेहमी तापणाऱ्या जागी बसलेला असल्याने बहुतेकदा तोच जातो. फुगलेला नसला तरी तो निकामी असू शकतो, म्हणून रिफा काढतानाच त्यालाही बदलावं. नवा १०५ अंशांचा घ्यावा आणि अधिक-उणे टोकं तपासून बसवावा.

मग चाचणी. आपल्याकडच्या वायरमनचा सिरीज बोर्ड इथे अतिशय उपयोगी पडतो: सप्लायच्या मालिकेत साठ वॅटचा जुना, तारेचा बल्ब. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने पेटतो आणि सप्लाय वाचतो. ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. एलईडी बल्बने हे होत नाही. बल्बमुळे व्होल्टेज पडून सप्लाय नीट सुरू झाला नाही, तर शॉर्ट नसल्याची खात्री करून मगच सरळ वीज द्यावी. सप्लाय रिकामा चालवायचा नाही, कारण स्विच-मोडला थोडं ओझं लागतं. पाच ओहम, दहा वॅटचा रेझिस्टर पाच व्होल्टच्या टोकांना लावला की एक अँपिअर वाहतो. तेव्हा मीटरवर पाचच्या अगदी जवळचा आकडा दिसला आणि तो अर्धा तास हलला नाही, की मगच सात वायर बोर्डाला जोडायच्या.

एवढी काळजी का, हे दुसऱ्या एका यंत्रावरून समजतं. कमोडोर ६४ चा सप्लाय बाहेरच्या ठोकळ्यात असतो आणि अनेक ठोकळे राळेने आतून भरून बंद केलेले आहेत. त्यातला रेग्युलेटर बिघडला की पाचच्या जागी वाढीव व्होल्टेज थेट संगणकात जातं आणि स्मृतीच्या चिप्स मरतात. असा ठोकळा उघडताच येत नाही. तो वापरूच नये, नवा सुरक्षित सप्लाय घ्यावा. बीबीसी मायक्रोत पडद्यावरचं चित्र घडवणारी फेरांटीची व्हिडिओ यूएलए ही चिप खास याच यंत्रासाठी बनवलेली होती. ती आता कुठलाही कारखाना बनवत नाही. एका स्वस्त भागाच्या आळसापायी ती गमावणं अक्षम्य आहे.

काही लोक अ‍ॅस्टेकचं पोट रिकामं करून त्यात आजचं तयार मॉड्यूल बसवतात. रोज वापरायच्या यंत्रासाठी त्यात गैर काही नाही. मला स्वतःला मूळ सप्लाय दुरुस्त केलेलाच पसंत आहे. संग्रहालयांतही तत्त्व हेच असतं: कमीत कमी हात लावा, केलेला बदल परत फिरवता येईल असा करा आणि लिहून ठेवा. काढलेले जुने भाग पिशवीत घालून त्यावर तारीख टाकावी आणि ती यंत्रासोबत ठेवावी. पुढच्या दुरुस्तीवाल्याला त्यातून जे कळेल ते कुठल्याच पुस्तकात नसेल.

शेवटी अर्थिंग. या सप्लायला धातूची पेटी आहे आणि तिसरी पिन तिच्यासाठी आहे. दोन पिनांचा अ‍ॅडॉप्टर लावून काम भागवलं आणि आतून काही सुटलं, तर पेटीवर थेट वीज येते. जुन्या इमारतींतल्या शाळांनी आधी सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्यावं.

१९८० च्या दशकात ‘क्लास’ प्रकल्पात असलेल्या एखाद्या शाळेशी तुमचा संबंध असेल, तर तिच्या भांडारात एकदा डोकावून पाहा. बीबीसी मायक्रो किंवा युनिकॉर्न सापडला तर त्याला प्लग लावू नका आणि भंगारातही देऊ नका. तळाशी ‘फिक्स’ असं छापलेल्या स्क्रूंपर्यंतही जायची घाई नको. फोटो काढा, लेबलवरचा क्रमांक लिहून घ्या, कोरड्या खोलीत ठेवा आणि एसएमपीएस दुरुस्त करणारा चांगला माणूस गाठून त्याला सांगा: आधी पिवळे कपॅसिटर काढा, मग बोलू.