विजेच्या मोटारीचा पल्ला : यवतमाळ ते नेर

यवतमाळला राहायचे आणि नेरच्या शाळेसाठी रोज ‘अप-डाउन’ करायचे, असा एखाद्या शिक्षकाचा नित्यक्रम आहे असे समजू. (मुख्यालयी राहण्याच्या नियमाची चर्चा येथे नको.) अमरावती रस्त्याने हे अंतर सुमारे तीस किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन साठ. या शिक्षकाने विजेवर चालणारी मोटार घेतली. कागदोपत्री तिचा पल्ला ३१२ किलोमीटर. ३१२ ला ६० ने भागले की पाच येतात. तेव्हा रविवारी रात्री बॅटरी भरली की शुक्रवार संध्याकाळपर्यंत पाहायला नको, असा हिशोब तो करील. भागाकार बरोबर आहे. तरीही मार्चअखेरच्या उन्हात ही मोटार गुरुवारी सकाळी कशीबशी शाळेत पोहोचेल आणि संध्याकाळी जागची हलणार नाही, असे होऊ शकते. मग कंपनी खोटे बोलली काय? तसेही नाही.

३१२ हा आकडा आम्ही मनाने घेतलेला नाही. २०२० साली बाजारात आलेल्या टाटा नेक्सॉनच्या विजेवरील आवृत्तीचा तो प्रमाणित पल्ला होता. तिची बॅटरी ३०.२ युनिटांची होती (युनिट म्हणजे किलोवॉट-तास, आपल्या घरच्या मीटरवर मोजतो तेच). याचा अर्थ, चाचणीत दर किलोमीटरला सुमारे ९७ वॉट-तास खर्च झाले. आपल्या देशात अशी चाचणी ठरवून दिलेल्या वेगक्रमाने, प्रयोगशाळेत रुळांवर चाके फिरवून घेतली जाते. या क्रमात दोन तृतीयांश वेळ वेग ताशी ५० किलोमीटर किंवा त्याहून कमी असतो. सर्वाधिक वेग ९०, आणि तोही थोडा वेळ. एसी बंद. दोन मोटारींची तुलना करायला अशी चाचणी हवीच, पण ती नेरच्या रस्त्यावर घेतलेली नसते.

आता हा खर्च आपणच काढून पाहू. नववीत शिकवतो त्यापलीकडचे त्यात फारसे काही नाही. एक न्यूटन बलाविरुद्ध एक किलोमीटर जायला १००० ज्यूल लागतात आणि ३६०० ज्यूल म्हणजे एक वॉट-तास. म्हणून रोधाचे न्यूटन ३.६ ने भागले की किलोमीटरमागचे वॉट-तास मिळतात.

पहिला रोध टायरांचा. टायर रस्त्यावर दबतो, पुन्हा फुगतो आणि त्यात ऊर्जा उष्णतारूपाने जाते. हे बल वजनाच्या साधारण शंभराव्या भागाइतके असते. दोन माणसांसह मोटारीचे वस्तुमान १५५० किलोग्रॅम धरले तर सुमारे १५० न्यूटन, म्हणजे ४२ वॉट-तास. वेग कमी-जास्त केल्याने त्यात फारसा फरक पडत नाही.

दुसरा रोध हवेचा, आणि खरी गंमत येथे आहे. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अशा आकाराच्या मोटारीला ताशी ५० किलोमीटरला सुमारे ९० न्यूटन, ८० ला २३०, १०० ला ३५५. वॉट-तासांत सांगायचे तर २५, ६४ आणि ९९. यात टायरांचे ४२ मिळवा. मोटर व तिच्या यंत्रणेत १५ टक्के वाया जातात असे धरले, तर बॅटरीतून अनुक्रमे ८०, १२५ आणि १६५ वॉट-तास जातात. चाचणीतले ९७ या पहिल्या दोहोंच्या मधे बसतात, हे लक्षात आले असेलच.

तिसरा वाटेकरी एसी. हा अंतरावर नाही, घड्याळावर जेवतो. कडक उन्हात त्याला दीड किलोवॉट लागतात असे धरू. ताशी ८० ने जाताना किलोमीटरमागे १९ वॉट-तास होतात. तोच बाजारातल्या गर्दीत ताशी २० ने सरकताना ७५! म्हणजे एसी लावल्यावर फार सावकाश जाण्यातही फायदा नाही.

८० चा वेग आणि एसी मिळून किलोमीटरला १४४ वॉट-तास झाले. ३०.२ युनिटांत २१० किलोमीटर, म्हणजे नेरच्या साडेतीन फेऱ्या. आपला शिक्षक गुरुवारी का अडकला ते कळले.

शाळेची घंटा गाठण्यासाठी १०० ने गेले तर? तीस किलोमीटरमध्ये साडेचार मिनिटे वाचतात आणि एका खेपेला युनिटभर वीज जास्त जाते. पल्ला येतो १६८ वर.

पेट्रोलच्या गाडीत ही चिंता कोणी का करीत नाही? एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. चाळीस लिटरांची टाकी म्हणजे ३६० युनिट, या बॅटरीच्या बारापट. त्यातला साधारण पाऊण हिस्सा इंजिन उष्णतेच्या रूपाने उधळते. उधळ्याच्या घरात चार पैसे इकडेतिकडे झाले तर कळत नाहीत. काटकसरीच्या घरात लगेच कळतात.

डॅशबोर्डवर ‘उरलेला पल्ला’ दिसतो, तोही एक भागाकारच. बॅटरीत किती ऊर्जा उरली याचा अंदाज आत-बाहेर गेलेल्या विद्युतप्रवाहावरून व व्होल्टतेवरून घेतात आणि त्याला अलीकडच्या किलोमीटरमागच्या खर्चाने भागतात. पुढचा रस्ता मागच्यासारखाच असेल, हे त्यातले गृहीतक. यवतमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटरवर, तर अमरावती त्याहून शंभरेक मीटर खाली. हा सगळा उतार नेरपर्यंतच संपतो असे जरी धरले, तरी परतताना वस्तुमान, गुरुत्व त्वरण आणि उंची यांचा गुणाकार १५ लाख ज्यूल येतो. यंत्रणेतील व्यय धरून हे अर्धे युनिट झाले. तेवढ्याने जातानाचा खर्च १२८ आणि येतानाचा १६१ वॉट-तास होतो. बॅटरी तेवढीच अर्धी असूनही नेरला पोहोचताना ११८ किलोमीटर दिसतील आणि यवतमाळला पोहोचताना ९४. मोटार बिघडली, असे समजून कोणी घाबरू नये.

म्हणून आम्ही सुचवू की किलोमीटरच्या आकड्याकडे न पाहता टक्क्यांकडे पाहावे. आठवडाभर वहीत रोजच्या फेरीला किती टक्के गेले ते लिहावे. आपल्या हिशोबाने २९ च्या आसपास यावेत. बॅटरी जुनी झाली की तिची धारणशक्ती घटते, तेव्हा हे टक्के वाढतील, आणि तेही वहीत दिसेल. भरताना थोडी वीज वाया जाते, त्यामुळे घरच्या मीटरवर रोज दहाएक युनिट पडतील. पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर साडेतीन तासांचे काम. महिन्याला अडीचशे युनिटांची ही भर महावितरणच्या १०० आणि ३०० युनिटांच्या टप्प्यांत आपल्याला कोठे नेते, ते मोटार घेण्यापूर्वीच पाहून ठेवावे.

सुटीत अमरावतीला जाऊन त्याच दिवशी परतायचे असेल, तर अंतर सुमारे १८० किलोमीटर. ८० ने गेलात तर घरी याल. १०० ने गेलात तर अमरावतीत बॅटरी भरायला थांबावे लागेल, आणि वाटेत वाचवलेली सत्तावीस मिनिटे बहुधा तेथेच खर्ची पडतील.