मुका मित्र

मुलांनो, अहिल्यानगरहून पुण्याला आणि मनमाडला मोठे रस्ते जातात. अशा रस्त्यांवर वाहनांची धडक बसून कुत्रे लंगडे होतात. असा कुत्रा पाळायचा असेल, तर आधी घरातील मोठ्यांना सांगा. पशुवैद्याकडून त्याला तपासून घ्या. रेबीजची लस टोचून घ्या.

तीन पायांवरही कुत्रा धावू शकतो. पण दुखावलेला कुत्रा माणसाला भितो. म्हणून त्याला ओढू नका. रोज ठरलेल्या वेळी अन्नपाणी ठेवा आणि दूर बसा. तो गुरगुरला, तर मागे सरा. चावलाच, तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुऊन लगेच दवाखान्यात जा.

एके दिवशी तो स्वतःच जवळ येऊन तुमचा हात हुंगेल. तेव्हा त्याला हळूच कुरवाळा. विश्वास धीरानेच मिळतो.